कडुलिंबात गूळ

जे प्रकृतीला चांगलं ते जिभेला वाईट असलंच पाहिजे, या सिद्धान्तावर मराठी माणसाची जेवढी श्रद्धा आहे तेवढी कुठल्या देवावरही नसेल. काढा पिताना तोंड वाकडं झालं नाही, तर काढ्यात काहीतरी घालायचं राहिलं असं समजतात. कारल्याचा रस, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे, पहाटेचं गार पाणी, घाम निथळेपर्यंत घातलेले सूर्यनमस्कार. आमच्याकडे आरोग्य म्हणजे शिक्षाच. गुन्हा कोणता तेवढं सांगत नाहीत. लहानपणी परीक्षा संपल्या की पहिल्याच रविवारी एरंडेल. सगळ्या भावंडांची रांग, हातात चमचा घेतलेली आजी, आणि ज्याला ओकारी येईल त्याला पुन्हा एक चमचा. त्या वयात मला सुट्टी आणि एरंडेल यांच्यातलं नातं कळलं नव्हतं. आता वाटतं, पोरांना नुसतीच मजा मिळू नये म्हणून ती सोय असावी.

गंमत अशी, की ज्या पूर्वजांच्या नावावर हा कडूपणा खपवला जातो ते स्वतः इतके कडवे नव्हते. पाडव्याला कडुलिंबाचा पाला खायचा, पण नुसता नाही. गूळ, चिंच, ओवा, मीठ, हिंग, मिरी असं सगळं घालून वाटायचा, आणि त्याची सुपारीएवढी गोळी. तीसुद्धा गुढी उभारून, नवे कपडे घालून, मागोमाग श्रीखंड-पुरी येणार या खात्रीवर. ज्याने कुणी ही पाककृती बसवली त्याला माणसाची नस बरोबर सापडली होती. आपण त्यातला पाला तेवढा उचलला आणि गूळ पुढच्या पिढीवर सोडला.

आमच्या घरात पाल्याचा पक्ष आमच्या ह्यांचा. हे लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले. खातं मात्र ह्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. दर जानेवारीत एक नवी वही येते. तिच्यात पट्टीने आखलेले रकाने: तारीख, उठण्याची वेळ, चालणे (मिनिटे), प्राणायाम (आवर्तने), ध्यान (मिनिटे), वजन, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात बहुतेक वेळा ‘असमाधानकारक’, एखाद्या दिवशी फार कृपा झालीच तर ‘सुधारणेस वाव’. ध्यानाला बसतात ते समोर घड्याळ ठेवून. मधूनमधून एक डोळा उघडून काटा पाहतात. ध्यान चालू असताना कुकरची शिट्टी झाली, तर डोळे न उघडता मला दोन बोटं दाखवतात. म्हणजे दुसरी झाली, गॅस बारीक कर.

ही वही संक्रांतीपर्यंत भरभरून चालते, हळदीकुंकू आटपेपर्यंत रखडते आणि त्यानंतर तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी वाण्याची यादी लिहिते. वर्षानुवर्षं असं चाललंय. त्यावर ह्यांचं निदान एकच: “इच्छाशक्ती कमी पडते.” जणू ती रेशनवर मिळते आणि आमच्या कार्डावर कमी येते.

मध्ये कुणीतरी ह्यांना मोबाईलवर पाठवलं, की कुठलीही गोष्ट एकवीस दिवस रेटली की तिची सवय होते. हे खूश. एकवीस हा आकडा आपल्याला आधीच पसंत. मोदक तितके, दूर्वा तितक्या. पण या एकवीस दिवसांचं मूळ शोधत गेलं तर ते एका नाकापाशी थांबतं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं, आणि 1960 साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुढे पुस्तकावरून भाषणांत आणि भाषणांवरून मोबाईलवर येताना ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळालं आणि नाकही गळालं. उरले एकवीस दिवस.

खरोखर मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा निबंध 2010 सालचा. 96 जणांना त्यांनी आपापल्या आवडीची एकेक साधी गोष्ट रोज करायला सांगितली: कुणी जेवताना पाणी पिणार, कुणी फळ खाणार, कुणी संध्याकाळी पळणार. ती गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मधला आकडा आला 66. पण कुणाचं 18 दिवसांत भागलं, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. पाण्याचा पेला लवकर अंगवळणी पडतो, व्यायाम फार मानपान घेतो. आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीचं काही मोठं बिघडत नाही. हे मी ह्यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी ‘254’ एवढंच ऐकलं, थोडा वेळ गप्प बसले आणि आणखी एक वही आणायला सांगितली.

आपल्या पतंजलींनी आकडा दिलेला नाही, हे त्यांचं शहाणपण. योगसूत्रांत ते म्हणतात त्याचा आशय असा, की अभ्यास पक्का होतो तो तीन गोष्टींनी: तो पुष्कळ काळ केला पाहिजे, खंड न पाडता केला पाहिजे आणि आदराने, मनापासून केला पाहिजे. पहिल्या दोन गोष्टींसाठी ह्यांच्या वहीत रकाने आहेत. तिसऱ्यासाठी नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “त्याचं एकक काय?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. तिथल्या काकू लग्न झाल्यापासून संकष्टी करतात. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना सांगितलं होतं, रात्री आठच्या आत जेवत जा, शुगर वाढलीये. काकूंना ते महिनाभरसुद्धा झेपलं नाही. साडेसातला त्यांना भूक नसे आणि साडेआठला भांड्यांचे आवाज येत. पण संकष्टीला चंद्रोदय साडेनऊचा असो नाही तर दहाचा, काकू शांत. शांत कसल्या, उत्साहात. सकाळपासून इमारतीत एकमेकींना ‘आज चंद्रोदय किती वाजता गं?’ हा प्रश्न, जरी सगळ्यांच्या भिंतीवर तेच कालनिर्णय लटकत असलं तरी. संध्याकाळी मोदकांचं पुरण. रात्री सगळ्या गच्चीवर. पावसाळ्यात चंद्र दिसत नाही, तेव्हा तो कुठल्या ढगामागे असेल यावर मतभेद. खाली येऊन आरती, मग पान. उपाशी राहणं हा त्या दिवसाचा सगळ्यात लहान भाग असतो. म्हणून तो उपास टिकला आणि साडेसातचं जेवण टिकलं नाही. दुपारच्या साबुदाण्याच्या खिचडीच्या पौष्टिकतेबद्दल मी इथे काही म्हणत नाही. मला याच इमारतीत राहायचं आहे.

काकूंनी जे न वाचता केलं, ते शिकागो विद्यापीठातल्या आयलेट फिशबाख आणि त्यांच्या सहकारी केटलिन वूली यांनी माणसांना विचारून पाहिलं; त्यांचा निबंध 2017 सालचा. नव्या वर्षाचे संकल्प केलेल्यांना त्यांनी विचारलं, हा संकल्प तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो, आणि तो पाळताना किती मजा येते? पुढे कोण टिकलं, हे महत्त्वावरून ओळखता येईना. ते मजेवरून ओळखता येई. म्हणजे ‘पुढे तुझ्याच हृदयाला चांगलं आहे’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी पहाटे साडेपाचला त्याचा काही उपयोग नाही. त्या वेळी हृदय गोधडीच्या बाजूने मत देतं.

आता बागेतल्या आमच्या हास्याच्या वर्गाकडे वळते, कारण माझा खरा जीव तिथे आहे.

मुंबईत लोखंडवाला संकुलातल्या एका बागेत 13 मार्च 1995 रोजी सकाळी डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसं जमवून पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला मधोमध एकाने उभं राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, अशी पद्धत होती. माणसं वाढली, पण दोनेक आठवड्यांत विनोदांचा साठा संपला. मग लोक जे सांगू लागले ते सकाळच्या वेळी, चारचौघांत ऐकण्यासारखं नव्हतं, आणि तक्रारी आल्या. मराठी गॅदरिंगचा अनुभव असलेल्या कुणालाही हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. क्लब बंद करण्याऐवजी डॉक्टरांनी विनोदच बंद केला. कारणाशिवाय हसा, म्हणाले. एकमेकांच्या डोळ्यांत बघत खोटं हसायला लागा. दोन मिनिटांत खरं हसू येतं. आणि ते येतं. आधीचं हसू इतकं खोटं असतं, की त्यालाच हसायला येतं.

आमच्या बागेतला वर्ग एक निवृत्त पीटी सर घेतात. आधी ओंकार, मग दीर्घ श्वसन, मग टाळ्या वाजवत ‘हो हो, हा हा हा’. पुढे प्रकार सुरू होतात: नमस्कार हास्य, मोबाईल हास्य, ताक घुसळायचं हास्य, एकमेकांवर बोट रोखून करायचं भांडण हास्य, जीभ बाहेर काढून सिंह हास्य. सिंह हास्याच्या वेळी बागेबाहेरून शाळेची व्हॅन जाते आणि खिडक्यांतली पोरं आम्हाला बघून शाळेत जायला तयार होतात. सगळ्यात अवघड मौन हास्य. तोंड मिटून, आवाज न करता, फक्त पोट हलवायचं. त्यात पहिला कोण फुटतो याच्यावर पैजा लागतात. शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं. इतकं हसून झाल्यावर बसलेलं ते ध्यान काही निराळंच असतं. मन दमून स्वतःहून एका जागी बसलेलं असतं, बखोट धरून बसवावं लागत नाही.

वर्गाला हजेरीपट नाही. पण दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी फोन येतो, आणि तो ‘का आला नाहीत?’ असा नसतो, ‘काय झालं?’ असा असतो. ज्याचा वाढदिवस त्याने सगळ्यांना खाऊ घालायचं. आरोग्यासाठी जमलेली ही मंडळी त्या दिवशी कचोरी खातात. काठी टेकत येणारे एक आजोबा आहेत. ते हात वर करत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बसून असतात, आणि गेली कित्येक वर्षं पाऊस सोडला तर त्यांचा खाडा नाही. मी एकदा विचारलं, “आजोबा, तुम्हाला या व्यायामाचा फायदा वाटतो?” म्हणाले, “मी कुठे व्यायामाला येतो? मी तुमच्या सगळ्यांच्या चुका बघायला येतो.” या वयात रोज पहाटे उठून, आंघोळ करून, अर्धा किलोमीटर चालत येऊन चुका बघायच्या, हा व्यायाम नाही असं त्यांना कोण सांगणार?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बार्बरा फ्रेडरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. आमच्या आजोबांसारख्या माणसांचं कोडं त्या फार वर्षं सोडवत आहेत. 1998 साली त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: भीतीचा उपयोग समजतो, रागाचाही समजतो, आनंदाचा उपयोग काय? वाघ दिसला की भीती मनाला अरुंद करते. वाघ आणि झाड एवढं दोनच दिसतं, आणि तेवढंच दिसणं त्या वेळी बरं असतं. आनंदात उलटं होतं. मन ऐसपैस होतं, आजूबाजूचं दिसायला लागतं, माणसं जोडावीशी वाटतात, नवं करून बघावंसं वाटतं. एकेक आनंद क्षणाचा, पण त्यातून जमलेली माणसं, शिकलेल्या गोष्टी, आलेली उभारी ही शिल्लक राहते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातूनच चांगल्या सवयींचाही उलगडा मांडला. एखादी गोष्ट करताना बरं वाटलं की मन नकळत तिची वाट बघायला लागतं. दारातले चालायचे बूट दिसले तरी आतून काहीतरी हलतं. मग निश्चय बिश्चय करावा लागत नाही, पाय वळतात. आणि पाय वळले की पुन्हा बरं वाटतं, असं ते वर वर चढत जातं.

आता या बरं वाटण्यात ध्यानाचं काय काम, तर त्यांचाच एक प्रयोग आहे, 2008 साली प्रसिद्ध झालेला. डेट्रॉइटच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले 139 कर्मचारी. त्यातल्या निम्म्या मंडळींना काही आठवडे मैत्रीचं ध्यान शिकवलं, बाकीच्यांना थांबा म्हणून सांगितलं. मैत्रीचं ध्यान म्हणजे आपलं, आपल्या माणसांचं, ओळखी-अनोळखी सगळ्यांचं भलं चिंतत बसायचं. संगणकावर दिवस काढणाऱ्या माणसांना हे शिकवणं म्हणजे धाडसच. पहिल्याच बैठकीत कुणाला साक्षात्कार झाला नाही. पण हळूहळू, आठवड्यामागून आठवडा, ध्यान करणाऱ्यांच्या रोजच्या दिवसातले बरे क्षण वाढत गेले. आणि सव्वा वर्षाने पुन्हा चौकशी केली, तेव्हा ध्यान चालू कुणी ठेवलं होतं? ज्यांना सुरुवातीच्या दिवसांत त्यात आनंद वाटला होता, त्यांनी. ध्यानालासुद्धा गूळ लागतो म्हणायचा.

मैत्रीचं हे ध्यान आपल्याला डेट्रॉइटहून मागवायला नको. पतंजलींनी मन प्रसन्न ठेवण्यासाठी सांगितलेल्या चार भावांत पहिलीच मैत्री आहे, तिसरी मुदिता, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून आनंद होणं. ही मुदिता मात्र अवघड. शेजारच्यांनी नवी गाडी घेतल्यावर साधते का बघा. आणि इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, त्याच्या शेवटी मंगल मैत्री शिकवतात.

आम्ही नाशिककर, इगतपुरी आम्हाला अंगणात. मी जाऊन आले. हे आले नाहीत, कारण तिथे वही-पेन नेता येत नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, संध्याकाळी पाचला चहा आणि फळं, की मग सकाळच्या न्याहारीपर्यंत काही नाही. बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन जमा. शुल्क मात्र नाही. शेवटी ज्याला वाटेल त्याने दान द्यावं. मैत्रिणींनी पैजा लावल्या होत्या, ही न बोलता राहील का. त्यांना माहीत नव्हतं, की तोंड बंद केलं की बोलणं थांबत नाही, आत वळतं. सुरुवातीचे तीन-साडेतीन दिवस फक्त येता-जाता श्वास बघायचा असतो. मी श्वास बघायला बसले आणि मनाने मला सुरळीच्या वड्यांची कृती, 1987 सालच्या एका भांडणातलं माझं न दिलेलं उत्तर आणि गॅस बंद केला होता का, हे सगळं एकामागून एक दाखवलं. ते उत्तर फार चांगलं होतं. द्यायला हवं होतं.

तिथून येताना रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं सांगतात. माझं तेवढं बसणं होत नाही, आणि त्याचा मी धसका घेतलेला नाही. पण एक गोष्ट तिथून माझ्यासोबत आली आणि राहिली. आत काय चाललंय ते चालू असतानाच कळतं. आधी ते दोन दिवसांनी कळायचं, किंवा ह्यांनी सांगितल्यावर. आता चौथा पेढा उचलताना समजतं, की मजा दुसऱ्यालाच संपलीये आणि हा नुसता हात चाललाय. तसंच बागेतून येताना जिना चढत असते तेव्हा कळतं, अरे, आज गुडघा बोलला नाही, आणि श्वास सरळ चाललाय, आणि मला बरं वाटतंय. हे बरं वाटणं आधीही येत असेल. पण मी तेव्हा दूधवाल्याच्या हिशेबात असायचे. ते येऊन, दार वाजवून परत जात असेल. ध्यानाचा मला झालेला फायदा म्हणाल तर एवढाच, की आता मी दार उघडायला घरी असते. मोक्षाबद्दल जाणकारांनी लिहावं.

स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग सवयींवर शिकवतात. ते सांगतात, दातांच्या फटींतून दोरा फिरवायची सवय लावायची असेल तर ब्रश झाल्यावर एकाच दातापासून सुरुवात करा, आणि तो एक दात झाला की लगेच स्वतःला शाबासकी द्या. महिन्याने नाही, लगेच. मी हे सांगितल्यावर ह्यांनी “एका दाताची शाबासकी?” असं विचारलं, आणि त्या स्वरात चाळीस वर्षांचं लेखापरीक्षण होतं. पण आपल्याकडे स्वतःला शाबासकी देणं म्हणजे माजच. आम्ही मनाशी बोलतो ते हवालदार चोराशी बोलतो त्या सुरात: ऊठ, लाज नाही वाटत, बघ पोट कुठे गेलंय. समर्थ रामदास शिस्तीचे आणि बलोपासनेचे एवढे भोक्ते, मारुती गावोगाव नेणारे. पण मनाशी बोलायची वेळ आली तेव्हा दोनशे पाच श्लोक त्यांनी त्याला सज्जन म्हणून, समजावत समजावत घातले. एखाद्या श्लोकात झापलं असेल. दोनशे पाच श्लोकभर झापता येत नाही, मन उठून जातं.

आणि ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं त्यांनी आषाढात रस्त्यावर येऊन उभं राहावं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट, तीनेक आठवडे, वर पाऊस आणि खाली चिखल. माझी एक आत्या दर वर्षी जाते. एरवी ती घरात ‘गुडघे गेले गं’ म्हणून पाण्याचा तांब्यासुद्धा सुनेकडून मागून घेते. तीच आत्या दिवे घाट चढून सासवडच्या अंगाला पोचल्यावर फुगडी घालते. मी तिला गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाली, “तिथे कुणी विचारतच नाही ना.” तिच्या दिंडीत कुणाच्या मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ नाही. टाळ आहे, अभंग आहे, मुक्कामाला गरम पिठलं-भाकरी आहे, आणि पुढे चाललेल्या बाईची पाठ आहे. पायाला फोड येतात, ताप येतो, ट्रकखाली झोपावं लागतं, हेही खरं; वारीची नुसती रांगोळी काढू नये. पण परत आल्यावर आत्या फोडांबद्दल बोलत नाही. रिंगणात घोडा धावला त्याबद्दल बोलते. आणि पुढच्या वर्षीची पिशवी कुठली न्यायची ते ठरवते.

इतकं आनंदाचं गुणगान झाल्यावर एक सांगायला हवं. सकाळी सहाला सूर्योदयाच्या चित्रावर ‘सदैव सकारात्मक राहा’ असं लिहून पाठवणाऱ्या मंडळींशी माझा काही संबंध नाही. हुकमी आनंद हे आणखी एक एरंडेल. ज्याच्या घरात दुखणं आहे, ज्याचं माणूस गेलंय, त्याला ‘हसा, तब्येत सुधारेल’ सांगणं हा आगाऊपणा आहे. आमच्या वर्गात एक वहिनी यजमान गेल्यावर पुन्हा यायला लागल्या तेव्हा पुष्कळ दिवस हसल्या नाहीत. नुसत्या रांगेत उभ्या राहायच्या. कुणी त्यांना ‘हसा’ म्हटलं नाही, सरांनीही नाही. त्या येत मात्र राहिल्या. आणि दुसरं: ध्यानाने आणि हसण्याने ब्लडप्रेशरची गोळी सुटते असा समज करून घेऊ नका. सुटायची असली तर ती डॉक्टर सोडवतील. गोळीही मी हल्ली चहाच्या आधी, खिडकीत उभी राहून घेते, कारण त्या वेळी समोरच्या बंगल्यातला बोका भिंतीवरून चालतो आणि मला त्याला बघायचं असतं. गोळी विसरत नाही.

हे यंदा बागेत यायला लागले. आधी म्हणाले, तुमच्या वर्गाच्या पद्धतीत काही त्रुटी आहेत का ते पाहतो. मग काठीवाल्या आजोबांच्या शेजारी बाकावर बसून दोघांनी मिळून आमच्या चुका काढायला सुरुवात केली. मग एकदा भांडण हास्याला माणूस कमी पडला म्हणून सरांनी ह्यांना उभं केलं. समोर मी. इतक्या वर्षांच्या सरावामुळे ह्यांचं बोट रोखणं फार अस्सल झालं, आणि मग हे स्वतःच हसायला लागले ते थांबेचनात. वही अजून आहे. फक्त तिच्यात शेऱ्याच्या आधी एक नवा रकाना आलाय, ‘बरे वाटले काय? (होय/नाही)’. गेल्या आठवड्यात चुकून माझ्या नजरेला पडलं, एके दिवशी त्यात लिहिलं होतं, ‘बऱ्यापैकी’. लेखापरीक्षण खात्यात याहून मोठी शाबासकी नसते.

तुम्ही आमच्या बाजूला राहत असाल तर या. वर्ग सकाळी साडेसहाला भरतो, रविवारीसुद्धा. फी नाही, गणवेश नाही, नाव नोंदवायचं नाही. हसता आलं नाही तरी चालतं, रांगेत उभं राहिलं तरी पुरतं, आणि तेही नको असेल तर बाकावर दोघांच्या शेजारी तिसऱ्याला जागा आहे. तुम्ही दुसऱ्या गावात असाल तर तुमच्या बागेतही असा एखादा घोळका असेलच, आवाजाच्या दिशेने जा. फक्त वेळेवर जा. आमच्याकडे तरी उशिरा येणाऱ्याला सर एकट्याने सिंह हास्य करायला लावतात, आणि शाळेची व्हॅन नेमकी तेव्हाच येते.